गच्चीतल्या दुर्बिणीतून गुरूचा फोटो कसा काढायचा

सुरुवात गुरूपासून करा. शनी देखणा असला तरी अंधूक आहे, मंगळ दोन वर्षांतून काही आठवडेच बरा मोठा दिसतो, आणि शुक्रावर त्याच्या कलेशिवाय साध्या कॅमेऱ्याला सापडण्यासारखं फारसं काही नाही. गुरू मोठा आहे, तेजस्वी आहे, त्यावर पट्टे आहेत. काही चुकलं तर लगेच कळतं. शिवाय ग्रहांना काळोखं आकाश लागत नाही. दादरच्या गच्चीवरही गुरूचा उत्तम फोटो निघतो. रस्त्यावरचे दिवे त्याचं काही बिघडवत नाहीत. बिघडवते ती हवा.

पुढची सगळी आकडेमोड ८ इंची डॉब्सोनियन (आरशाची, फिरत्या पेटीवर बसवलेली) दुर्बीण धरून केली आहे: आरशाचा व्यास २०० मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे एफ/६ (१२०० भागिले २००). मोटर नाही, हाताने ढकलायची. तुमच्याकडे ६ इंची असेल तरी पायऱ्या त्याच. मोटरवाला माउंट (दुर्बिणीचा स्टँड) असेल तर काम सोपं होतं, पण त्यावाचून अडत नाही.

लक्ष्य किती लहान आहे

चंद्राचं बिंब सुमारे १८०० विकला रुंद असतं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). गुरू प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मधोमध असताना, साधारण ४५ विकला. १२०० मिमीच्या दुर्बिणीत गुरूची प्रतिमा सेन्सरवर पडते ती पाव मिलिमीटरच्या आसपास. डीएसएलआरच्या मोठ्या सेन्सरवर हा एक ठिपका असतो आणि बाकी सगळा काळोख. म्हणून ग्रहांसाठी लहान सेन्सरचा, लहान पिक्सेलचा आणि वेगाने व्हिडिओ घेणारा कॅमेरा लागतो.

व्हिडिओ का, हे एकदा नीट समजून घ्या. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते आणि ग्रहाची प्रतिमा तिच्यासोबत थरथरते, फुगते, फाटते. पण अधूनमधून सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती ती स्थिरावते. एकच फोटो काढला तर तो क्षण हाती लागणं जवळपास अशक्य. म्हणून दोन मिनिटांत आठ-दहा हजार फ्रेम्स घ्यायच्या आणि सुपात धान्य पाखडावं तशा त्यातल्या खराब फ्रेम्स सॉफ्टवेअरकडून उडवून लावायच्या. उरलेल्या चांगल्या फ्रेम्स एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली की कॅमेऱ्याचा कण-कण दिसणारा नॉइज खाली बसतो आणि मग प्रतिमा धारदार करता येते. एकट्या फ्रेमला धार लावायला गेलात तर फक्त नॉइज वाढतो.

सामान

कॅमेरा: सोनीचा आयएमएक्स४६२ किंवा आयएमएक्स६६२ सेन्सर असलेला रंगीत ग्रह-कॅमेरा. दोन्हींचे पिक्सेल २.९ मायक्रॉनचे. झेडडब्ल्यूओ, प्लेअर वन अशा कंपन्यांचे मिळतात. जुना आयएमएक्स२२४ वापरलेला मिळाला तरी छान. त्याचे पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचे. यूएसबी ३ असलेलाच घ्या.

बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग): किती पटीचा, याचा एक सोपा हिशोब आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या आणि त्याला ५ ने गुणा. साधारण तेवढा एफ आकडा हवा. २.९ गुणिले ५ म्हणजे १४.५. आपली दुर्बीण एफ/६, २ पटीचा बार्लो लावला की एफ/१२. पुरे झालं. नवखे लोक इथेच ५ पटीचा बार्लो घेतात आणि मोठा, अंधूक, लोण्यासारखा मऊ गुरू मिळवून निराश होतात. एफ/३० ला प्रकाश इतका पसरतो की एक्सपोजर वाढवावं लागतं, आणि लांबलेल्या एक्सपोजरमध्ये हवेची थरथर फ्रेममध्येच मिसळून जाते. २ पटीच्या बार्लोवर गुरू सुमारे १८० पिक्सेल रुंद येतो. एका पिक्सेलमध्ये पाव विकला, आणि ८ इंची आरशाची तपशील वेगळे करण्याची मर्यादा ०.५८ विकला. त्याहून मोठं करून नवा तपशील येत नाही.

यूव्ही-आयआर कट फिल्टर: वर सांगितलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या तोंडाशी साधी काच असते, ती अवरक्त किरण अडवत नाही. फिल्टर नसेल तर रंग विचित्र येतात आणि फोकस कधीच पुरता बसल्यासारखा वाटत नाही. वस्तू लहान आहे, पण सोडू नका.

लॅपटॉप: एसएसडी असलेला, किमान ५० जीबी मोकळी जागा ठेवून. चार्जर लावूनच चालवा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतात आणि फ्रेम्स गळू लागतात. एक्स्टेन्शन बोर्ड गच्चीपर्यंत आधीच ओढून ठेवा, आणि दवाच्या रात्री तो जमिनीवर उघडा टाकू नका.

कॅमेरा घेण्याआधी हात साफ करायचा असेल तर फोन चालेल. १० मिमीच्या आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) फोन अ‍ॅडॉप्टरने घट्ट बसवा, गुरूवर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, उजेड बराच खाली आणा (गुरू पांढराफटक दिसत असेल तर अजून खाली), आणि एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. पुढची स्टॅकिंगची, म्हणजे फ्रेम्स रचण्याची, पद्धत तीच. दोन मुख्य पट्टे नक्की येतात.

कधी आणि कुठून

ग्रह प्रतियुतीच्या आधी-नंतर दोनेक महिने मोठा दिसतो, मंगळ मात्र काही आठवडेच. शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ ला, गुरूची १० फेब्रुवारी २०२७ ला आणि मंगळाची १९ फेब्रुवारी २०२७ ला. महाराष्ट्राचं अक्षवृत्त इथे फार सोयीचं आहे. त्या काळात गुरू पुण्या-मुंबईत जवळजवळ डोक्यावरून जातो. युरोपात अनेकदा ग्रह क्षितिजाजवळ रेंगाळतात, हवेच्या जाड थरातून रंग फाकतात, आणि ते दुरुस्त करायला वेगळी प्रिझमची जोडणी विकत घ्यावी लागते. आपल्याला ग्रह ४० अंशांच्या वर येईपर्यंत थांबलं की भागतं. फक्त एक अडचण: डॉब्सोनियन अगदी माथ्यावर रोखली की ती आडवी फिरवणं अवघड होतं. म्हणून ६० ते ७५ अंशांची उंची सगळ्यात सोयीची.

पावसाळा सोडून द्या. ऑक्टोबरनंतर आकाश धुतलेलं, चकचकीत दिसतं, पण ग्रहांसाठी चकचकीत आकाश हा निकष नाहीच. उत्तरेचे गार वारे सुटलेल्या रात्री माथ्यावरचे तारेसुद्धा लुकलुकत असतील तर कॅमेरा लावूच नका. उलट थोडी धुरकट, वारा पडलेली, उबट रात्र कंटाळवाणी वाटते आणि तीच उत्तम निघते. मीटिओब्ल्यूच्या संकेतस्थळावर खगोलीय सीईंगचा (हवेच्या स्थिरतेचा) अंदाज आणि वरच्या थरातल्या जेट प्रवाहाचा वेग मिळतो. त्याचा उपयोग रात्र निवडायला करा, पण शेवटचा निर्णय आयपीसला डोळा लावूनच.

आता गच्चीबद्दल. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. त्या वर चढणाऱ्या गरम हवेतून गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसतो. अंगण, माती, गवत मिळत असेल तर गच्चीपेक्षा तेच निवडा. गच्चीच असेल तर संध्याकाळी तिच्यावर पाणी मारा आणि रात्री दहानंतर काम सुरू करा. शेजारच्या इमारतीचे पत्रे किंवा एसीची बाहेरची यंत्रं यांच्या वरून ग्रह पाहू नका. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा. आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाला नाही तर नळीतच गरम हवेचे प्रवाह फिरतात. ५ इंची मॅक्सुटोव्ह (पुढे भिंग, मागे आरसा असलेली दुर्बीण) बंद नळीची असल्याने तिला आणखी वेळ लागतो. कोकणात आणि किनाऱ्यालगत तापमान फार उतरत नाही, पण एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलेल्या काचेवर लगेच दव धरतं. ती पुसू नका, वाळू द्या.

आरशांची जुळणी

खराब फोटोंमागे कॅमेऱ्याहून जास्त वेळा कोलिमेशनच, म्हणजे आरशांची बिघडलेली जुळणीच असते. चेशायर (जुळणी पाहायची साधी नळी) किंवा लेझरने आरसे जुळवून घ्या आणि मग ताऱ्यावर खातरजमा करा. माथ्याजवळचा मध्यम तेजाचा तारा बरोबर मध्यभागी घ्या, फोकस किंचित बिघडवा. गोल कड्यांच्या मधोमध काळी सावली दिसायला हवी. सावली एका बाजूला सरकलेली असेल तर मुख्य आरशाचे स्क्रू अगदी थोडे, पाव फेरीहूनही कमी फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, पुन्हा पाहा. डॉब्सोनियन उचलून जिन्यातून वर नेली असेल तर हे दरवेळी करायचं. ग्रहाची एक कड धारदार आणि समोरची कड पसरलेली येत असेल तर दोष इथलाच.

ग्रह सेन्सरवर आणणं

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. २४०० मिमीला ५.६ मिमी रुंद सेन्सरवर जेमतेम ८ कला (एक कला म्हणजे ६० विकला) आकाश मावतं, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या पावापेक्षा किंचित जास्त.

दिवसाउजेडी दूरच्या मोबाइल टॉवरवर किंवा पाण्याच्या टाकीवर फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवून घ्या. सूर्य त्या बाजूला नको. दुर्बीण किंवा फाइंडर चुकूनही सूर्यावर गेला तर डोळा कायमचा जातो. रात्री २५ मिमीच्या आयपीसमध्ये गुरू मध्यावर, मग १० मिमीमध्ये मध्यावर. मग बार्लोशिवाय कॅमेरा. गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) खूप वाढवा, कारण फोकसबाहेरचा गुरू मोठं, फिकट कंकण होऊन पसरतो आणि कमी गेनवर तो दिसतच नाही. स्क्रीनवर काही नसेल तर दुर्बीण हळूहळू गोल फिरवत शोधा. उजेडाची झळक एका बाजूने आली की त्या बाजूला ढकला. गुरू सापडला, ढोबळ फोकस झाला, की लगेच फाइंडर पुन्हा त्यावर बिनचूक जुळवा. त्यानंतरच बार्लो लावा. पुढच्या दोन तासांत हा फाइंडरच तुम्हाला वाचवतो.

आता कॅमेरा फोकसरमध्ये फिरवून असा बसवा की दुर्बीण सोडून दिल्यावर गुरू फ्रेमच्या लांब बाजूला समांतर सरकेल.

फोकस

गुरूच्या चंद्रांवर फोकस करा: आयो, युरोपा वगैरे ठिपके जेवढे बारीक होतील तेवढं बरं. जवळच्या तेजस्वी ताऱ्यावर बाह्तिनोव्ह मास्क (फोकससाठीचं फटींचं झाकण) लावून केलं तरी चालतं, फक्त मास्क काढायला विसरू नका. फोकसरच्या गोल बटणाला कपड्याचा लाकडी चिमटा लावला की ते बारीक फिरवता येतं. प्रत्येक वेळी हात काढा, थरथर थांबायला दोन-तीन सेकंद द्या, मग ठरवा. फोकसच्या जागेवरून मुद्दाम पुढे जा, मागे या, दोन्हीकडच्या मऊपणाच्या मधली जागा धरा. रात्र गार होते तशी नळी आकसते, तेव्हा दर अर्ध्या तासाने पुन्हा.

सेटिंग आणि रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंगसाठी फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप हे सॉफ्टवेअर वापरा. फाइल एसईआर (ग्रहांच्या व्हिडिओचा फाइल प्रकार), रंग रॉ ८ बिट, डीबेयर (कच्च्या फ्रेमला रंग देण्याची क्रिया) बंद, गॅमा मधल्या जागी किंवा बंद. एक्सपोजर ८ मिलिसेकंद ठेवा आणि मग गेन असा वाढवा की हिस्टोग्रामचं (उजेडाच्या आलेखाचं) टोक ६० टक्क्यांच्या आसपास येईल. गेन जास्त वाटला तरी घाबरू नका. हजारो फ्रेम्सची सरासरी त्याचा नॉइज खाते. एक्सपोजर वाढवून गेन कमी करणं हीच उलटी, महागात पडणारी चूक. हवा वाईट असेल तर ५ मिलिसेकंदांवर या.

फ्रेमचा आकार: मोटर असेल तर ६४० गुणिले ४८०. मोटर नसेल तर आडवी पूर्ण रुंदी आणि उंची ६०० पिक्सेल. गुरू एका कडेला आणून, अगदी बाहेर ठेवून, हात सोडा, कंपनं शमली की रेकॉर्ड दाबा. तो अर्ध्या मिनिटात फ्रेम ओलांडतो. सेकंदाला १०० फ्रेम्स धरल्या तर एका फेरीत सुमारे ३००० फ्रेम्स आणि साडेतीन जीबी. लगेच परत आणा, पुन्हा सोडा. दोन मिनिटांत अशा तीन फेऱ्या बसतात.

दोनच मिनिटं का? गुरू स्वतःभोवती दहा तासांहूनही कमी वेळात फिरतो. त्याच्या बिंबाच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला साधारण पाव विकला सरकतो. दोन मिनिटांत अर्धा विकला, म्हणजे आपल्या आरशाच्या मर्यादेच्या जवळ. त्यापुढे स्वतःच्या फिरण्यानेच गुरू पुसट होऊ लागतो. विनज्युपॉस नावाचं सॉफ्टवेअर ही फिरकी काढून अनेक व्हिडिओ जोडू शकतं, पण ते पहिल्या महिन्यात नको.

फेऱ्या घेत राहा. हवा दर दहा-पंधरा मिनिटांनी बदलते, आणि रात्रीतला सर्वोत्तम संच कोणता ते घरी बसल्यावरच कळतं.

पाखडणं आणि रचणं

पीआयपीपी हे जुनं पण उपयोगी सॉफ्टवेअर आहे. त्यात तिन्ही फेऱ्या जॉइन मोडमध्ये एकत्र टाका, ग्रह मध्यावर आणायला आणि कापल्या गेलेल्या फ्रेम्स टाकून द्यायला सांगा. एक आटोपशीर एसईआर मिळेल. मोटरवाल्यांना ही पायरी लागत नाही.

मग ऑटोस्टॅकर्ट, म्हणजे फ्रेम्स निवडून रचणारं सॉफ्टवेअर. फाइल उघडा, ‘प्लॅनेट’ निवडा, ‘अ‍ॅनालाइज’ दाबा. गुणवत्तेचा आलेख उतरत जाणारा दिसेल. सुरुवातीचा उंच भाग किती रुंद आहे ते पाहून टक्केवारी ठरवा: हवा चांगली असेल तर ३० ते ४०, बेताची असेल तर १०. खात्री नसेल तर १०, २० आणि ३५ असे तिन्ही आकडे वेगवेगळ्या चौकटींत टाका. तीन निकाल मिळतील, तुलना करा. अलाइनमेंट पॉइंटचा (फ्रेम्स एकमेकींवर जुळवायच्या चौकटीचा) आकार १८० पिक्सेलच्या गुरूसाठी ४८ च्या आसपास ठेवून ग्रिड टाका. फार लहान ठेवलात तर सॉफ्टवेअर नॉइजलाच तपशील समजून धरतं आणि बिंबावर चौकटींचं जाळं उमटतं. टिफमध्ये निकाल घ्या.

हाती आलेलं चित्र मऊ, धूसर असेल. ते तसंच असायला हवं.

रेजिस्टॅक्स ६ या धार लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते टिफ उघडा. आधी आरजीबी अलाइन, म्हणजे एका कडेची लाली आणि दुसरीची निळाई जाते. मग वेव्हलेट्स, म्हणजे बारीक ते ढोबळ तपशिलाला थराथराने धार लावणं: पहिले दोन थर हळूहळू वाढवा, पहिल्या थराला थोडा डीनॉइज द्या, चौथ्याच्या पुढे बहुधा हात लावायची गरज पडत नाही. कुठे थांबायचं हे ओळखण्याच्या खुणा: गुरूच्या कडेला काळी-पांढरी दुहेरी रेघ दिसू लागली, पट्टे शाईने आखल्यासारखे झाले, बिंबावर कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या कडा आल्या, की तुम्ही पुढे गेलेले आहात. दोन पावलं मागे या आणि चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा. गुरूची कड मुळातच मध्यापेक्षा अंधूक आणि मऊ असते.

गुरू हिरवट किंवा चौकटीचौकटींचा दिसत असेल तर घाबरू नका, डीबेयरचा नमुना चुकीचा निवडला आहे. आरजीजीबी, जीआरबीजी असे पर्याय बदलून पाहा. मोटरवर घेतलेल्या चित्रात एकाच जागी काळपट वर्तुळं येत असतील तर ती सेन्सरवरची धूळ. ब्लोअर मारा, तोंडाने फुंकर नको.

शनी आणि मंगळ

शनीवर बाकी सगळं तेच, पण प्रकाश बराच कमी: एक्सपोजर २० ते ३० मिलिसेकंद. त्याच्या बिंबावर तपशील कमी आणि सरकणंही हळू, त्यामुळे चार-पाच मिनिटं रेकॉर्ड करता येतं. कॅसिनीची काळी फट (कड्यांमधली मोठी मोकळी जागा) कड्यांच्या दोन टोकांना दिसली की फोकस बसला. २०२५ मध्ये कडी पृथ्वीवरून रेघेसारखी आडवी दिसत होती. आता ती वर्षागणिक उघडत आहेत.

मंगळ तेजस्वी आहे, २ ते ५ मिलिसेकंद पुरतात. २०२७ च्या प्रतियुतीला तो १४ विकलांपेक्षाही किंचित लहानच राहील, म्हणजे आपल्या जोडणीत ५५ पिक्सेल. इथे ३ पटीचा बार्लो लावून पाहायला हरकत नाही. मंगळाच्या उजळ कडेला लागून आत एक खोटी कमान उमटते. ती शार्पनिंगची करामत असते, ढग नव्हे.

जपून ठेवताना

फायरकॅप्चरच्या नोंदीत जागतिक वेळ ठेवा. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. बृहत् लाल डाग त्या क्षणी समोर होता की नाही हे याच वेळेवरून तपासता येतं. न्यूटोनियन दुर्बिणीत प्रतिमा उलटी येते, आरशातल्यासारखी डावी-उजवी होत नाही. म्हणून चित्र १८० अंशांत फिरवा, मिरर करू नका. मिरर केलेला गुरू जाणकार लगेच ओळखतो. पुण्यात १९४४ पासून चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत किंवा मुंबईच्या खगोल मंडळात असे जाणकार भेटतील. त्यांना दाखवताना तयार चित्रासोबत स्टॅक केलेलं, धार न लावलेलं टिफही न्या. चूक हवेत होती, फोकसमध्ये होती की वेव्हलेटमध्ये, ते त्यावरूनच कळतं. मूळ एसईआर फाइल्स सगळ्या साठवायला डिस्क पुरणार नाही. दर रात्रीचा सर्वोत्तम संच ठेवा, बाकीच्या उडवा.